स्टेन्सिल ते युनिकोड : शाळेच्या अक्षरांची साठ वर्षे

शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की इमारत, पटसंख्या, निकाल आणि मुख्याध्यापकांची परंपरा यांचा आढावा घेतला जातो. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत तो अन्यत्र आला आहे. प्रस्तुत लेखात मी कार्यालयातील एका लोखंडी कपाटाचा इतिहास सांगणार आहे. त्या कपाटात साठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, परिपत्रके, वार्षिक अहवाल आणि यापूर्वीच्या दोन स्मरणिका आहेत. ते कागद कालक्रमाने लावून पाहिले की शाळेने मराठी कोणकोणत्या साधनांनी लिहिली आणि त्या साधनांनी मराठीला किती छळले, हे पानोपानी दिसते.

पुण्या-कोल्हापुरातील शाळेला हा विषय कदाचित किरकोळ वाटेल. तेथील मूल दुकानाच्या पाट्या वाचते, एस.टी.वरील गावांची नावे वाचते, घरी येणारे वर्तमानपत्र वाचते. बेंगळुरूतील आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रस्त्यात येते ती कन्नड आणि इंग्रजी. छापील मराठी त्यांना भेटते ती मुख्यतः शाळेतच : कर्नाटक शासनाच्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकात आणि आम्ही काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. त्या प्रश्नपत्रिकेत एखादे अक्षर चुकीच्या वळणाने छापले गेले, तर ते दुरुस्त करणारी दुसरी पाटी मुलाच्या वाटेत नसते. म्हणून या शाळेत अक्षराचा प्रश्न हा नेहमीच अध्यापनाचा प्रश्न राहिला आहे.

कपाटातील सर्वांत जुन्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलच्या आहेत. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने मजकूर कोरावयाचा आणि शाईच्या रुळावरून प्रती काढावयाच्या, अशी ती रीत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्येष्ठांना त्या शाईचा वास आजही आठवत असेल. कोरताना शिरोरेषा सलग ओढली की स्टेन्सिल फाटे. म्हणून आपले शिक्षक ती तुटक ओढीत. 'ब', 'ष', 'ळ' यांतील बंदिस्त पोकळीचा तुकडा सुटून पडे आणि तेथे शाईचा ठिपका उमटे. त्या काळच्या उत्तरपत्रिकांचे काही नमुने जपलेले आहेत. त्यांत मुलांनीही शिरोरेषा तुटक काढलेली आढळते. साधनाची अडचण शिक्षकाच्या हातातून मुलाच्या हातात किती सहज उतरते, याचा याहून बोलका पुरावा मला सापडलेला नाही.

रौप्य महोत्सवाची स्मरणिका मात्र शिशाच्या खिळ्यांनी छापलेली आहे. बेंगळुरूत मराठी खिळेजुळणी करून मिळणे दुरापास्त होते, म्हणून काम बेळगावला दिले गेले. मुद्रिते राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येत, तपासून त्याच गाडीने परत जात. त्या स्मरणिकेची पाने आजही पाहावीत इतकी देखणी आहेत, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांची जी घडण सिद्ध केली, तिने पुढील कित्येक पिढ्यांचा डोळा घडवला. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत अक्षर मधल्या ओळीत, मात्रा-वेलांट्या-रफार वरच्या ओळीत आणि उकार खालच्या ओळीत, अशा स्वतंत्र तुकड्यांची जुळणी होई. एका भाषेसाठी शेकडो खिळे लागत. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या ग्रंथात हा सारा खटाटोप मांडलेला आहे.

खिळ्यांची ही संख्या हेच लिपिसुधारणेच्या चळवळीचे एक मोठे कारण होते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या निमित्ताने ती कमी करण्याचा विचार केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अि, अी, अु, अू' अशी अ-ची बाराखडी पुरस्कारली. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना केली. ती टिकली नाही. या थोरांविषयी पूर्ण आदर राखून मला असे वाटते, की यंत्रासाठी लिपी वाकवण्याची ती घाई होती. पुढे यंत्रच इतके बदलले की 'इ' आणि 'ई' यांना जागा करून देणे त्याला मुळीच जड गेले नाही.

मधल्या काळात शाळेत एक टंकलेखन यंत्र आले. ते मूळचे हिंदीचे, एका कार्यालयाने निकालात काढलेले. त्या यंत्रावर बहुतेक व्यंजनांची अर्धी रूपे असत; अर्धा 'ब' उमटवून पुढे काना दिला की पूर्ण 'ब' होई. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, रफार नंतर. म्हणजे उच्चाराचा क्रम एक आणि बोटांचा क्रम दुसरा. हिंदीला न लागणारा, पण मराठीचे ज्यावाचून पान हलत नाही असा चंद्रकोरीच्या आकाराचा अर्धा 'र' त्या यंत्रावर नव्हता. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'सुट्टीवर जाणाऱ्या' अशा शब्दांत लिपिक जागा मोकळी सोडत आणि मग स्टेन्सिलवर ती चंद्रकोर हाताने कोरत. कपाटातील त्या काळच्या प्रत्येक कागदावर ती हाताची चंद्रकोर आहे. मला ती फार प्रिय आहे. अडचण होती, पण माणसाला तिच्यावर इलाज करता येत होता. यंत्र मध्ये पडत नव्हते.

संगणकाने ही मुभा काढून घेतली.

वास्तविक भारतीय लिपींचा संगणकावरील आरंभ अतिशय विचारपूर्वक झाला होता. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिपींसाठी जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत 'जिस्ट' या नावाने वाढले. ब्राह्मीपासून निघालेल्या साऱ्या लिपींची वर्णमाला मूलतः एकच, हे सूत्र धरून 'इस्की' ही संकेतप्रणाली आखली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना सामावणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणीही 'इस्की'च्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे पाया भक्कम होता.

तथापि छापखान्यांत आणि शाळांत पोहोचली ती वेगळीच वस्तू. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले. पुण्याची श्रीलिपी, सी-डॅकचे 'योगेश' आणि 'सुरेख', आपल्या बेंगळुरूतील सायबरस्केप कंपनीची आकृती ही त्यांतील घरोघरी पोहोचलेली नावे. या मंडळींनी मराठी प्रकाशनाला मोठा हात दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आकृतीने तर २००३ मध्ये नऊ भारतीय लिपींचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. अडचण पद्धतीतच होती. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असे. कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणते मराठी अक्षर, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले होते. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की निव्वळ गिचमिड.

आपल्या शिक्षकांनी त्या काळात जे सोसले, त्याची नोंद कोठेतरी व्हावयास हवी. शब्दप्रक्रियेची प्रणाली मजकूर इंग्रजी समजत असल्याने वाक्यारंभीचे अक्षर आपणहून 'मोठे' करी. मोठ्या अक्षराच्या जागी दुसरेच मराठी अक्षर असल्याने 'स'चा भलताच काही होई. अवतरणचिन्ह सुबक वळणाचे करण्याची तिची हौस अशीच एखादी मात्रा गिळंकृत करी. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येई, जणू संपूर्ण मराठी भाषाच अशुद्ध आहे. एका शिक्षिकेने रात्री अकरापर्यंत बसून तयार केलेली दहावीची सराव प्रश्नपत्रिका छपाईसाठी नेली, तर त्या दुकानातील संगणकावर तो फॉन्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच पेपर त्यांनी फळ्यावर लिहून घेतला. त्यांचे अक्षर सुंदर होते, त्यामुळे मुलांचे नुकसान झाले नाही. पण त्यानंतर बरीच वर्षे त्या संगणकाजवळ फिरकल्या नाहीत.

याचा सर्वांत मोठा फटका मात्र नंतर बसला. दहा वर्षांपूर्वी सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या गेल्या. पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनी आणि आरंभीच्या शिक्षकवर्गातील दोघांनी पुष्कळ लांबीचे लेख दिले. पानांच्या मर्यादेमुळे ते निम्म्याहून अधिक कापून छापावे लागले. पूर्ण लेख मात्र टंकून घेऊन सी.डी.वर ठेवले होते. हस्तलिखिते ज्याची त्याला परत गेली. ते दोघे शिक्षक आज आपल्यात नाहीत. या वर्षी ती सी.डी. उघडली, तेव्हा शाळेची पहिली जागा कशी मिळाली, पहिल्या वर्षी फी कोणी भरली, कन्नडभाषक शेजाऱ्यांनी बाके कशी दिली, हे सारे एका निरर्थक इंग्रजी अक्षरमालेच्या आड दडलेले निघाले. ज्या प्रणालीत ते टंकले होते, तिचा परवाना संपला होता आणि तो फॉन्ट आता कोणत्याच नव्या संगणकावर चालेना.

सुवर्ण महोत्सवापर्यंत युनिकोड येऊन बरीच वर्षे झाली होती, मग ते का वापरले नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. विंडोज २००० या प्रणालीपासून देवनागरी युनिकोड सामान्य संगणकावर चालू लागले, हे खरे. परंतु छापखान्यांचा सारा व्यवहार पेजमेकरवर होता आणि पेजमेकरने युनिकोड देवनागरी कधीच स्वीकारले नाही. जुळणी करणाऱ्यांची बोटे जुन्या कळफलकावर बसलेली. त्यामुळे शाळेत युनिकोड आणि छापखान्यात जुना फॉन्ट, असा दुहेरी संसार मराठी प्रकाशनव्यवसायाने दीर्घकाळ केला.

युनिकोडनेही मराठीला आरंभी सावत्र वागणूकच दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'ॲप', 'ॲल्युमिनियम' यांतील 'ॲ' हे आपले अक्षर. त्याऐवजी हिंदी वळणाचा 'ऍ' तेवढा उपलब्ध होता. 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. विंडोजसोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारख्या श्रेष्ठ सुलेखनकाराच्या हातचा. परंतु त्यातील 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे होते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये शासन निर्णय काढून पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची रूपे असल्याचे स्पष्ट केले. कर्नाटकातील शाळेला तो निर्णय बंधनकारक नसला, तरी पहिलीच्या वर्गात आम्ही तीच वळणे गिरवून घेतो. फळ्यावर एक 'ल' आणि प्रश्नपत्रिकेत दुसरा, हे लहान मुलाला कसे समजवावे? आजचे पुष्कळ फॉन्ट दोन्ही वळणे बाळगून असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला सांगितले की मराठी रूप देतात. ते सांगण्याची जागा मात्र अशा आडवळणाला असते की बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

राहिला तो अर्धा 'र'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक. लेखनातील एवढा फरक त्या चंद्रकोरीवर अवलंबून आहे. संगणकावर ती दोन मार्गांनी येते : एक तर खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावयाचा, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालावयाचे. दोहोंचे दृश्य रूप एकच, पण यंत्राच्या लेखी शब्द दोन. एका पद्धतीने लिहिलेला 'दुसऱ्या' शोधू जावे, तर दुसऱ्या पद्धतीचा सापडत नाही. शिवाय ते अदृश्य चिन्ह एका प्रणालीतून दुसरीत जाताना कधी कधी गळून पडते आणि चंद्रकोरीचा निमूटपणे रफार होतो. काही वर्षांपूर्वी सातवीच्या भूगोलाच्या पेपरात 'सह्याद्रीतील दर्या' असे छापून आले. एका मुलीने उत्तरात अरबी समुद्राची माहिती लिहिली आणि तिचे तर्कशास्त्र निर्दोष होते. तिला पूर्ण गुण दिले.

कळफलकाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पालक याविषयी नेहमी विचारतात. आपल्या शाळेत एकच शिक्षक मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तीन भाषांत कागद तयार करतो. एकेकाळी मराठीसाठी टंकयंत्राचा जुना कळफलक, कन्नडसाठी के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेली 'नुडी' आणि घाईच्या वेळी 'बरह' असा प्रकार होता. शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये आणलेली 'बरह' मुळात कन्नडसाठी होती, पण पुढे तीत देवनागरीही आली आणि बेंगळुरूतील कित्येक मराठी घरांतील पहिली मराठी ई-पत्रे तिच्यावरच लिहिली गेली. तिच्यात इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटते. सोय मोठी, पण ज्या मुलाचे मराठी अजून पक्के व्हावयाचे आहे, त्याला 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतील भेद इंग्रजीच्या लहान-मोठ्या अक्षरांचा भेद म्हणून शिकवणे मला पटत नाही.

म्हणून आम्ही इन्स्क्रिप्टचा आग्रह धरला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क' ज्या कळीवर, तिलाच शिफ्ट दाबून 'ख'. 'त'च्या कळीवर 'थ', 'प'च्या कळीवर 'फ'. अल्पप्राण-महाप्राणांची जोडी बोटांना कळते. 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबला की थेट 'ऱ' मिळतो, आणि पाय मोडून 'य' दिला की आपली चंद्रकोर. बेंगळुरूच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे : कन्नडचा 'क'देखील त्याच कळीवर असतो. मराठी शिकलेल्या बोटांना कन्नड निराळी शिकावी लागत नाही. आठवीपासून आठवड्याला एक तास आम्ही यासाठी ठेवला आहे. आरंभी पालकांची कुरकुर होती. दहावीनंतर मुले कन्नडमध्ये अर्ज टंकू लागली, तेव्हा ती थांबली.

आजही सारे सुखाचे आहे असे नाही. अक्षरांचा आकार चौदा करावा तर मजकुरातील इंग्रजी तेवढे वाढते आणि मराठी आहे तसेच राहते, कारण 'जटिल लिपीं'चा आकार म्हणे वेगळ्या जागी बदलावयाचा असतो. आपली लिपी जटिल आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत एका चौकटीतून समजले! जोडाक्षरातील चूक खोडू जावे तर कधी अर्धेच अक्षर जाते, कधी पूर्ण. निराधार वेलांटी ठिपक्यांचे वर्तुळ घेऊन उभी राहते. २०१७ पासून फोनला मराठी बोलून लिहून घेता येते. तरुण शिक्षक तेच करतात, आणि आश्चर्य म्हणजे चंद्रकोर त्यात बहुधा बिनचूक येते. विरामचिन्हे मात्र येत नाहीत. ती नंतर हातानेच घालावी लागतात.

आता त्या सी.डी.विषयी. व्हाइटफील्डमधील एका कंपनीत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याने या उन्हाळ्यात रविवार खर्चून एक परिवर्तक लिहिला. जुन्या फॉन्टमधील प्रत्येक चिन्हाची युनिकोडशी सांगड घालणे, आधी टंकलेली ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर नेणे, नंतर टंकलेला रफार आधी आणणे, अर्धे अक्षर आणि काना यांचे एक अक्षर करणे, असे ते काम. बहुतेक लेख त्यातून मोकळे झाले. रफार आणि चंद्रकोर यांची मात्र गल्लत उरली, म्हणून नववीच्या मुलींनी छापील स्मरणिका शेजारी घेऊन ओळ न् ओळ तपासली. जो भाग कधी छापलाच गेला नव्हता, तेथे अर्थावरून ठरवावे लागले. 'शेजार्यांनी बाके दिली' हे वाक्य त्यांनीच दुरुस्त केले. ते लेख या स्मरणिकेच्या दुसऱ्या विभागात प्रथमच पूर्ण स्वरूपात येत आहेत.

तीन लेख अद्याप उघडलेले नाहीत. ते कोणत्या फॉन्टमध्ये आहेत याचाच उलगडा होत नाही. त्यांतील एक पहिल्या स्नेहसंमेलनाविषयी आहे आणि एक शाळेच्या जुन्या जागेविषयी, एवढे फाइलींच्या नावांवरून कळते. सुवर्ण महोत्सवाच्या वेळी ज्यांनी लेख दिले होते, त्यांच्याकडे किंवा त्यांच्या कुटुंबीयांकडे मूळ हस्तलिखिते असतील, तर ती कृपया कार्यालयात आणून दाखवावीत. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिले जातील.